आठ आठवड्यांच्या गोळ्या, आठ दिवसांत

‘काकू, मी ४२ वर्षांची. मुलुंडला राहते, फोर्टमध्ये बँकेत नोकरी. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये व्हिटॅमिन डी ११ आलं, बाकी शुगर वगैरे नॉर्मल. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, मलाही कमी होतं, ही कॅप्सूल घे, मस्त तरतरी येते. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून रोज रात्री दुधाबरोबर घेतेय. जोडीला कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स, केसांसाठी गमीज, आणि नवऱ्याच्या मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीतली एक, तीही रात्रीच. पहिले काही दिवस छान गेले. गेले तीन आठवडे मात्र मी माझी राहिलेली नाही. कशावरही चिडते. परवा भागाकार चुकला म्हणून मुलाची वही फाडली. लेडीज डब्यात घाटकोपरपर्यंत उगाच रडत होते. झोप नाही, कामात लक्ष नाही, बेरजा दोनदा कराव्या लागतात. नवरा म्हणतो, वय झालं, हार्मोन्स. थायरॉइड तपासला तर टीएसएच फारच कमी आला, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय. मैत्रिणीला विचारलं, या गोळ्यांनी तर होत नसेल? ती हसली. म्हणाली, व्हिटॅमिनला कुठे साइड इफेक्ट असतात! काकू, मला वेड लागतंय का?

ता.क. ती कॅप्सूल चारच्याच स्ट्रिपमध्ये मिळते, दर चार दिवसांनी मेडिकलमध्ये जावं लागतं. मोठं पाकीट येतं का? आणि हल्ली तहान फार लागते. लघवीला इतकं जावं लागतं की दोनदा कुर्ल्याला उतरले. म्हणून सकाळी पाणीच पीत नाही. पोटही साफ होत नाही.’

तू काकू म्हटलंस, तेव्हा मीही सरळ ‘तू’वर येते. पत्र आलं त्याच रात्री तुला दोन ओळी पाठवल्या होत्या: ती कॅप्सूल आणि कॅल्शियमची गोळी आजपासून बंद, आणि थायरॉइडच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता उद्याच डॉक्टरांकडे जाऊन रक्तातलं कॅल्शियम तपासून घे. का, ते तेव्हा लिहिलं नव्हतं. ते आता सावकाश सांगते. तसल्या स्ट्रिपा आणखी बऱ्याच घरांत फ्रिजवरच्या टोपलीत पडलेल्या असतील, म्हणून इथे छापायला देतेय.

आधी माझी पायरी सांगते. मी डॉक्टर नाही. बी.फार्म. करून लालबागला ३१ वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहिले. आजार ओळखणं माझं काम नाही, पण कोण काय गिळतंय, किती गिळतंय आणि कशाबरोबर गिळतंय, हे बघायची सवय काही जात नाही.

तर तुझं पत्र वाचताना माझी नजर रडण्यावर थांबली नाही. ती अडकली ता.क.वर. दुकानातही बायका असंच करायच्या. वीस मिनिटं सासूच्या गुडघ्यांवर बोलायचं आणि पायरी उतरता उतरता मागे वळून म्हणायचं, ‘जाऊ दे, पण उजव्या पायाला मुंग्या येतात, त्याला काही आहे का हो?’ खरं दुखणं नेहमी पायरीवर.

चारची स्ट्रिप, दर चार दिवसांनी. बाजारात डीच्या कमी ताकदीच्या गोळ्याही मिळतात, पण चारच्या स्ट्रिपमध्ये येते ती बहुतेक ६०,००० युनिटची. स्ट्रिपच्या मागे बघ. तू दुसऱ्या दिवशी फोटो पाठवलास, त्यात ते लिहिलेलं दिसलंच. ही कॅप्सूल रोजची नव्हे, आठवड्याची. डी खरोखर कमी असलं की डॉक्टर साधारणपणे आठवड्याला एक अशी आठ आठवडे देतात, मग महिन्याला एक किंवा छोटा रोजचा डोस. चार कॅप्सूल म्हणजे एका महिन्याचा माल. तू तो चार दिवसांत संपवत होतीस, आणि तक्रार काय, तर पाकीट छोटं येतं!

हिशेब तूच मांड, बँकेतली आहेस. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२०च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट डी पुरतं. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रोज ४,००० युनिटच्या वर जाऊ नये असं मानतात. तुझी एक कॅप्सूल म्हणजे शंभर दिवसांची गरज. विसर्जनापासून सहा आठवडे रोज एक, म्हणजे ४२ कॅप्सूल, म्हणजे २५ लाख २० हजार युनिट. मैत्रिणीला तिच्या डॉक्टरांनी आठ दिल्या असतील तर तिच्या पोटात दोन महिन्यांत गेले ४ लाख ८० हजार. तिला तरतरी आली असेल, खोटं कशाला बोलेल? तिने तुला नाव सांगितलं, वार सांगितला नाही.

आता ‘व्हिटॅमिनला कुठे साइड इफेक्ट असतात’ याविषयी. हा भाबडेपणा शब्दातूनच येतो. १९१२मध्ये कॅझिमिर फंक या शास्त्रज्ञाने हे नाव पाडलं, त्यातही जगण्याचा अर्थ आहे, आणि आपण तर जीवनसत्त्व म्हणून मोकळे झालो. जीवनही आणि सत्त्वही! यावर कोण संशय घेणार? क्रोसिन दोन जास्त झाल्या तर लोक घाबरतात, पण डीच्या चाळीस कॅप्सूल खाऊन निवांत असतात. शरीराला मात्र नावाशी देणंघेणं नाही. सी व्हिटॅमिन जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. ए, डी, ई आणि के चरबीत विरघळणारी, आणि त्यातलं डी अंगात साठत जातं. आज घेतलेलं डी पुढचे कित्येक आठवडे अंगात राहतं, वर उद्याचं येऊन बसतं. म्हणून पहिले दिवस छान गेले आणि मग गाडी घसरली.

डीचं काम आतड्यातून कॅल्शियम आत ओढायचं. डी अती झालं की ते कॅल्शियम ओढतच राहतं, आणि तू त्याला वरून कॅल्शियमची गोळीही देत होतीस. रक्तात कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. लघवी वाढते, म्हणून तहान वाढते. आतडं सुस्तावतं, पोट साफ होत नाही, तोंडाची चव जाते. आणि मेंदू? त्याचं सगळं कामकाज मज्जातंतूंच्या निरोपांवर चालतं आणि त्या निरोपांत कॅल्शियमचा हात असतो. ते वाढलं की माणूस मंदावतो, चिडतो, उदास होतो, साधी बेरीज दोनदा करतो. फार वाढलं तर बरळतोसुद्धा. तुझं रडणं, वही फाडणं, कुर्ल्याला उतरणं आणि पोट तटणं ही चार वेगळी दुखणी वाटतात खरी, पण एकाच घरची माणसं असू शकतात.

असू शकतात, असं म्हणतेय. कॅल्शियमचा आकडा आल्याशिवाय मीही छातीठोक बोलणार नाही. दर १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या मध्ये तो असायला हवा. त्यासोबत डॉक्टर डीची पातळी, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि पुन्हा एकदा शुगर बघतील, कारण तहान आणि लघवी म्हटलं की मधुमेहालाही विचारावंच लागतं.

एक प्रसंग सांगते, आमच्या फजितीचा आहे. एक निवृत्त मिल कामगार होते, आमचं जुनं गिऱ्हाईक. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नीट लिहिलं होतं, आठवड्यातून एक. दुकानातल्या मुलाने स्ट्रिप कात्रीने कापली, कागदी पुडीत घातली आणि पुडीवर सवयीने एक उभी रेघ मारली. आमच्याकडे एक रेघ म्हणजे दिवसातून एकदा. तीन-चार आठवड्यांनी त्यांची मुलगी इसबगोल मागायला आली. सहज बोलता बोलता म्हणाली, बाबांचं काही खरं नाही, घरातल्या घरात चिडतात, काल नातवाला दुसऱ्याच नावाने हाका मारल्या, आईला वाटतं म्हातारचळ लागला. मी विचारलं, पाणी किती पितात? ‘अहो, रात्री उशाशी कळशी लागते.’ माझ्या पोटात गोळाच आला. कॅल्शियम चढलेलं निघालं, ॲडमिट करून सलाइन लावावी लागली. पूर्ण ताळ्यावर यायला दोन-अडीच महिने गेले. चूक आमची होती, मी घरी जाऊन ती कबूल केली. त्या दिवसापासून आठवड्याच्या गोळीच्या पुडीवर आम्ही रेघ मारायची बंद केली, वार लिहायला लागलो. ‘सोमवार.’ बस.

तुला तर चिठ्ठीही नव्हती. दर चार दिवसांनी तीच बाई तीच स्ट्रिप मागतेय आणि गल्ल्यावरच्याने एकदाही मान वर करून विचारलं नाही, याचा मला जास्त राग आला. पण त्याच्याशी भांडायला सवड पुढे आहे. वाटलं तर औषधाच्या दुष्परिणामाची नोंद सरकारी फार्माकोव्हिजिलन्सच्या टोल फ्री १८००-१८०-३०२४ वर करता येते, पेशंटलाही.

आता थायरॉइडचा रिपोर्ट. इथे मला दुसरी शंका आली. त्या केसांच्या गमीजच्या बाटलीवर बायोटिन (बी गटातलंच एक व्हिटॅमिन) किती लिहिलंय? बऱ्याच गोळ्या-गमीजमध्ये ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. शरीराला दिवसाला लागतं ३०च्या आसपास! त्याने माणसाचं सहसा काही बिघडत नाही, बिघडतो रिपोर्ट. रक्ततपासणीच्या काही पद्धतींमध्ये बायोटिन स्वतःच वापरलेलं असतं. रक्तात ते भरपूर असलं की यंत्र फसतं, टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, आहे त्याहून कमी दाखवतं आणि थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स टी-३, टी-४ जास्त. थायरॉइड खरोखर वाढला की आकडे असेच येतात. म्हणजे कागदावर थायरॉइड वाढलेला, गळ्यात कदाचित अगदी ठीक. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१७मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हार्ट अटॅकसाठी बघतात त्या ट्रोपोनिनचा आकडासुद्धा बायोटिनमुळे खोटा कमी येऊ शकतो, म्हणून हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

तुझा रिपोर्ट खोटाच आहे असं मी म्हणत नाही. खरोखर थायरॉइड वाढला तरी चिडचिड आणि झोप उडणं होतंच. पण थायरॉइड कमी करायची गोळी सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना एक वाक्य सांग: ‘मी बायोटिन घेते.’ गमीज थांबवून दोन-तीन दिवसांनी रक्त पुन्हा द्यायला सांगतील. नक्की किती दिवस, ते लॅबलाही विचार, पद्धतीप्रमाणे फरक पडतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. बी-कॉम्प्लेक्सने लघवी पिवळीजर्द होते म्हणून लोक घाबरतात; तो बी-२चा रंग, घाबरायचं काही नाही. त्यातलं बी-६ मात्र किती मिलिग्रॅम आहे ते वाच. दिवसाची गरज दोन मिलिग्रॅमच्या आत-बाहेर, आणि काही गोळ्यांत ५०, १०० असतं. असा डोस महिनोन्‌महिने घेतला की हातापायाला मुंग्या आणि बधिरपणा येऊ शकतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३मध्ये रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. तुला मुंग्या येत असतील तर ते डॉक्टरांना सांग. बी-१२ची गोष्ट उलटी आहे. शुद्ध शाकाहारी घरांत, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी खाणाऱ्यांत ते कमी असतं, आणि ते कमी असल्यानेच उदासी, विसराळूपणा, चिडचिड येते. तेव्हा हे पत्र वाचून कोणी डॉक्टरांनी दिलेलं बी-१२ घाबरून फेकू नका.

नवऱ्याच्या बाटलीतली गोळी त्याची त्याला राहू दे. तसल्या ‘एनर्जी’वाल्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये बरेचदा जिनसेंग किंवा ग्रीन टीचा अर्क घातलेला असतो, बाटलीवर बारीक अक्षरात. ती रात्री दुधाबरोबर घेऊन झोपेची वाट बघायची म्हणजे कटिंग पिऊन अंथरुणावर पडण्यासारखं. शिवाय त्यातही थोडं डी असतं, कॅल्शियमच्या गोळीतही असतं. एकच पाहुणा तीन दारांनी घरात.

नवऱ्याचं म्हणणं मात्र अगदीच टाकाऊ नाही. चाळिशीनंतर पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशी असतात की झोप आणि मूड दोन्ही हेलकावे खातात. पाळी पुढे-मागे होते का, रात्री घामाने जाग येते का, हे तू लिहिलं नाहीस, डॉक्टरांना सांग. माझा त्याच्या बोलण्यावर आक्षेप एवढाच की ‘वय झालं’ म्हटलं की पुढे कोणी काही तपासत नाही. बाईच्या चिडण्याला कारण शोधायच्या आधीच नाव देऊन टाकतात. त्याला भांडून पटवू नकोस, दवाखान्यात सोबत ने. तपासण्या करूनही सगळे आकडे सरळ आले आणि मन तसंच राहिलं, तर मनाच्या डॉक्टरांकडे जायचं, त्यात कमीपणा नाही. तोवर रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

पण एक पक्कं लक्षात ठेव. उलट्या थांबेनात, छातीत धडधड वाटली, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, किंवा जीव द्यावासा वाटला, तर अपॉइंटमेंट नाही, फोन नाही, सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठायची.

दवाखान्यात जाताना यादी लिहू नकोस. यादीत माणूस आपल्याला आठवेल तेच लिहितो. एका कापडी पिशवीत घरातलं सगळं भर: गमीजची बाटली, नवऱ्याची बाटली, संपलेल्या स्ट्रिपा आणि त्यांच्या पावत्या, सासूबाईंचा काढा घेत असशील तर तोही. डॉक्टरांच्या टेबलावर पिशवी उलटी कर. कात्रीने कापलेल्या स्ट्रिपवर नाव उरलं नसेल तर दुसरा तुकडा शोध, नाव आणि तारीख नेहमी नेमकी पलीकडच्या तुकड्यावर गेलेली असते. कुठली गोळी कधी सुरू केली आणि पहिल्यांदा विनाकारण कधी रडलीस, या दोन तारखा मात्र कागदावर लिही. गोळीवर ठपका ठेवायचा की नाही, हे बरंचसं त्या तारखांवरून ठरतं.

डी बंद केलं म्हणजे उद्या सकाळी हसू फुटेल असं नाही. चरबीत साठलेलं सावकाश उतरतं, आठवडे लागतात, कधी महिने. मधला एखादा दिवस बरा जाईल, दुसरा परत रडका. मग तुझ्या त्या ११चं काय, असं विचारशील. ते खरंच कमी होतं, आणि मुंबईत ते अनेकांचं असतं. सकाळी अंधारात निघून लोकल, मग एसी, संध्याकाळी अंधारातच परत. वर चार महिने पावसाळा. काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाने डी बनत नाही, ते किरण काचेतच अडतात. पुढे कधी, किती, कुठल्या रूपात घ्यायचं ते कॅल्शियम जागेवर आल्यावर डॉक्टर ठरवतील. तोवर फोर्टात आहेस, तर जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून दहा मिनिटं उन्हातून चक्कर मारायला हरकत आहे का, तेही त्यांनाच विचार, कारण आत्ता तुझ्या अंगात साठा उतू जातोय. खात असशील तर बांगडा, अंड्याचा बलक हे नेहमीचंच.

मुलाची वही. नवी आण, पहिल्या पानावर तो फाडलेला भागाकार तूच उतरवून दे, आणि ‘आई आजारी होती, तुझी चूक नव्हती’ एवढं बोल. गोळ्यांचं पुराण त्याला नको.

आणि मुख्य म्हणजे सकाळचं पाणी बंद केलंयस, ते आधी चालू कर. कॅल्शियम चढलेलं असेल तर पाणी तोडणं म्हणजे आगीत तेल. डॉक्टरांनी वेगळं काही सांगेपर्यंत बाटली भरून पर्समध्ये ठेव, डब्यात बसल्या बसल्या पी. कुर्ल्याला उतरावं लागलं तर उतर. लेटमार्क लागला तर लागू दे.